वाचनाला वेळ नको, नेम हवा

तपासणी संपत आली की बऱ्याच पेशंटना मी एक जास्तीचा प्रश्न विचारतो, "काही वाचता का?" उत्तर ठरलेलं असतं, "टाइमच कुठं भेटतो साहेब?" शेतकरी हेच सांगतो, शिक्षक हेच सांगतात. दुकानदार, आशाताई, एसटीचे कंडक्टर, सगळ्यांचं उत्तर एकच. एवढंच काय, रिटायर झालेले काका, ज्यांना दिवस खायला उठतो, तेही हेच सांगतात.

काकांचं उत्तर ऐकलं की मी जरा थांबतो. ज्यांच्याकडे दिवसभर वेळच वेळ आहे त्यांनाही वाचायला वेळ मिळत नसेल, तर अडचण वेळेची नाही, दुसरीच काहीतरी आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर "वेळ नाही" ही तक्रार झाली, निदान नव्हे. "ताप आहे" म्हटल्यावर तो मलेरियाचा, टायफॉईडचा की लघवीच्या संसर्गाचा हे आधी बघावं लागतं. वाचन सुटण्याचंही तसंच आहे. कारण सापडलं तरच उपाय लागू पडतो. म्हणून आज आपण या तक्रारीची रीतसर तपासणी करू.

आधी डोळे तपासा

चाळिशीच्या आसपास डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होते. जवळचं धूसर दिसायला लागतं. वर्तमानपत्र हातभर लांब धरावं लागतं, संध्याकाळी अक्षरं एकमेकांत मिसळतात, थोडं वाचलं की कपाळ दुखतं. यालाच आपण "चाळिशी लागली" म्हणतो. हा आजार नाही, वयाचा भाग आहे आणि साध्या चष्म्यानं सुटतो. पण गंमत अशी की माणूस "मला दिसत नाही" असं म्हणत नाही, "आताशा वाचावंसं वाटत नाही" असं म्हणतो. डोळ्याला त्रास व्हायला लागला की मन आपोआप तिथून काढता पाय घेतं आणि आपण त्याला वेळ नसणं असं नाव देतो.

आसाममधल्या चहाच्या मळ्यांत या बाबतीत एक चांगला अभ्यास झाला. चाळिशी ओलांडलेले ७५१ मजूर निवडले. निम्म्यांना लगेच जवळचा चष्मा दिला, निम्म्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांचं पानं खुडायचं काम दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढलं. २०१८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पानं खुडण्यात एवढा फरक पडतो, तर बारीक छापलेल्या अक्षरांत किती पडेल याचा विचार करा.

शुगर असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रक्तातली साखर वरखाली होत असली की भिंगात पाणी कमी-जास्त होतं आणि चष्म्याचा नंबरही बदलत राहतो. शुगर काही आठवडे आटोक्यात राहू द्या, मग नंबर काढा, नाहीतर नवा चष्मा महिन्याभरात निरुपयोगी वाटेल. शिवाय वर्षातून एकदा डोळ्यात थेंब टाकून पडदा तपासून घ्यायलाच हवा. मोतीबिंदू असेल तर त्याचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात मोफत होतं. काचबिंदू मात्र गुपचूप नजर खातो, म्हणून बाजारातला तयार चष्मा लावून गप्प बसू नका. चाळिशी लागली की एकदा डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवाच.

मग मनाकडे बघा

वर्षानुवर्षं रोज पेपर वाचणारा माणूस अचानक पेपर बाजूला ठेवायला लागला, तर घरच्यांनी त्याची दखल घ्यावी. माझ्याकडे असेच एक निवृत्त गुरुजी आले होते. आले होते बीपीसाठी. बोलता बोलता त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "पेपर तसाच घडी घातलेला असतो, पान उलटत नाहीत." चष्मा ठीक होता. झोप पहाटे तीनला उघडत होती, जेवणावर वासना नव्हती, वर्षभरापूर्वी गुरुजींच्या पत्नी गेल्या होत्या. ते उदासीचं, म्हणजे डिप्रेशनचं लक्षण होतं. उपचार सुरू झाले. दोन-अडीच महिन्यांनी ते आले ते मला कालच्या अग्रलेखाबद्दल विचारतच. बीपी मोजायच्या आधीच मला कळलं की गाडी रुळावर आली आहे.

जे आवडत होतं ते नकोसं वाटणं हे उदासीचं मोठं लक्षण आहे. वाचलेलं पानभरसुद्धा लक्षात न राहणं, तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागणं, हे उदासीत होतं, थायरॉईड कमी असताना होतं, काही गोळ्यांमुळं होतं, झोप पुरी नसली तरी होतं. उतारवयात ही स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असू शकते. आणि वाचता येणाऱ्या माणसाला एका दिवसात अचानक अक्षर लागेनासं झालं, सोबत बोबडी वळली, तोंड वाकडं झालं किंवा हातापायातली ताकद गेली, तर एक मिनिटही न दवडता मोठ्या दवाखान्यात न्या. तो लकवा असू शकतो.

वाचन सुटलं म्हणून कुणी डॉक्टरकडे येत नाही. पण कधीकधी यायला हवं, हे सांगण्यासाठीच एवढं लिहिलं.

आता वेळेकडे येऊ

डोळे ठीक, मन ठीक, तरी वाचन होत नाही, असे लोक सगळ्यांत जास्त. त्यांना मी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन 'डिजिटल वेलबीइंग' बघायला सांगतो. रोज किती वेळ स्क्रीन चालू होती ते तिथं दिसतं. आकडा बघून बहुतेक जण हसतात आणि फोन खिशात घालतात. आकडा ज्याचा त्यानं बघावा, मी विचारत नाही.

फोन वाईट आणि पुस्तक चांगलं असा प्रवचनाचा सूर मला लावायचा नाही. हा लेखही तुम्ही फोनवरच वाचत असाल. पण दोन्हींत एक फरक आहे. रील पहिल्या सेकंदालाच मजा देते आणि पुढं काय येणार हे कळत नसल्यानं बोट थांबत नाही. पुढचा पत्ता काय निघतो या ओढीनं माणूस जसा डाव सोडून उठत नाही, तसंच हे. पुस्तकाचं उलटं असतं. पहिली पाच-सात मिनिटं मन उड्या मारतं, घरातल्या कामाची आठवण होते, चहा प्यावासा वाटतो. ती मिनिटं सरली की मन बसतं आणि खरी गोडी तिथून पुढं लागते. ज्याच्याकडे तीन-तीन मिनिटांचे तुकडेच आहेत त्याच्या वाट्याला दर वेळी फक्त ती नकोशी सुरुवात येते. मग "मला वाचनाची आवडच नाही" असा त्याचा समज होतो. दिवसभरातले तुकडे जोडले तर तास-दीड तास निघेल, पण वाचायला पंधरा-वीस मिनिटांचा अखंड तुकडा लागतो. आपल्याकडे टंचाई आहे ती त्या अखंड तुकड्याची.

आपल्या भागातला जुना उपाय

हा अखंड तुकडा कसा राखायचा, हे आपल्या जिल्ह्याला नवं नाही. श्रावणात गावोगावी पोथी लागायची. पेरणी-खुरपणीचे दिवस नुकतेच सरलेले, अंग मोडून आलेलं, तरी रात्रीचं जेवण झालं की माणसं देवळात किंवा कुणाच्या ओसरीवर जमायची. एक जण वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, बाकीचे ऐकायचे. ऐकणाऱ्यांत कित्येकांना अक्षरओळखही नसायची. त्या लोकांकडे आपल्यापेक्षा जास्त वेळ होता असं मला वाटत नाही. ना मोटारसायकल, ना पिठाची गिरणी जवळ, ना नळाला पाणी. त्यांच्याकडे वेळ नव्हता, नेम होता. जागा ठरलेली, घटका ठरलेली, सोबती ठरलेले आणि समाप्तीचा दिवसही ठरलेला.

माझ्या आजोबांच्या पिढीत वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून चालायचं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्याचा हा परिणाम. आजोबांचा मराठी वाचनाचा सराव टिकला तो घरातल्या पोथीमुळं.

हा काही एकाच समाजाचा रिवाज नाही. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, गावोगावच्या बुद्धविहारांत संध्याकाळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. रमजानमध्ये माझे मुस्लिम पेशंट कुराण पूर्ण करतात. कुराणाचे ३० पारे केलेले आहेत, रोज एक पारा वाचला की महिन्यात ग्रंथ पूर्ण. ज्ञानेश्वरीचं सात दिवसांचं पारायण तर आपण सगळेच पाहतो. नऊ हजारांवर ओव्यांचा ग्रंथ, पण सात दिवसांत वाटून दिलेला. मला डॉक्टर म्हणून यात एक शहाणपण दिसतं. जुन्या लोकांनी मोठ्या ग्रंथांचे डोस पाडून ठेवले होते. किती वाचायचं, कधी वाचायचं आणि किती दिवस, हे रोज नव्यानं ठरवावं लागत नव्हतं.

आपल्या नर्सीचे संत नामदेव घ्या. परंपरेनुसार त्यांचा जन्म १२७० चा. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत आणि आजही म्हटली जातात. शीख बांधव रोजच्या पाठाला 'नितनेम' म्हणतात, वारकरी हरिपाठाला आपला नेम म्हणतो. इतक्या लांब आणि इतकी शतकं शब्द टिकले ते सवडीनं वाचणाऱ्यांमुळं नव्हे, नेमानं म्हणणाऱ्यांमुळं.

पोथीच वाचा असं मी सांगत नाही. कादंबरी वाचा, शेतीवरचं पुस्तक वाचा, चरित्र वाचा, विनोदी वाचा. पण पद्धत पोथीची ठेवा. बीपीची गोळी आपण "वेळ मिळाला की घेईन" असं म्हणत नाही. ब्रश केला की गोळी, चहा झाला की गोळी, असं ती कुठल्यातरी ठरलेल्या कामाला बांधून टाकतो. वाचनही तसंच बांधावं लागतं.

माझा स्वतःचा नेम

लोकांना सांगतो म्हणून माझंही सांगतो. माझी संध्याकाळची ओपीडी नऊच्या पुढंमागं संपते. जेवण झालं की झोपायच्या खोलीत मी वीस मिनिटं वाचतो. फोन बाहेरच्या खोलीत मोठ्या आवाजावर ठेवलेला असतो. इमर्जन्सी आली तर ऐकू येतो, पण हाताला लागत नाही. हे अंतर महत्त्वाचं आहे. फोन उशाशी ठेवून मनाचा निग्रह करायचा म्हणजे डायबेटिसच्या माणसानं पेढ्यांचा पुडा उशाशी ठेवून झोपण्यासारखं आहे.

वीस मिनिटांत माझी दहा पानं होतात. वर्षात साठ-पासष्ट दिवस पेशंट, लग्नकार्य, प्रवास यांत जातात असं धरलं तरी तीनशे दिवस उरतात. म्हणजे तीन हजार पानं, दोनशे पानांची पंधरा पुस्तकं. मी काही फार वाचणारा माणूस नाही, हा नुसता हिशोब आहे.

एखाद्या रात्री दवाखान्यात जावं लागलं आणि वाचन चुकलं, तर दुसऱ्या दिवशी मी वीस पानं भरून काढायला बसत नाही. गोळीचा नियम इथंही लागू. एक दिवस चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नसतात, ठरलेल्या वेळेला ठरलेली घ्यायची.

माझे काही पेशंट माझ्यापेक्षा हुशार निघाले. एक शेतकरी दादा हळद घेऊन मार्केटात आले की गाडीचा नंबर लागेपर्यंत वाचतात. पुस्तक गाडीच्या डिक्कीतच असतं. एका आजींना आता दिसत नाही. त्यांचा चौथीतला नातू रोज संध्याकाळी त्यांना पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचून दाखवतो. आजींची करमणूक होते आणि नातवाचं वाचन सुधारतं. ऐकणं हेही वाचनच आहे, आपली पोथीची परंपरा हेच सांगते.

घरातल्या बाईचा वेळ

एक गोष्ट मात्र नेमानं एकटीला सुटत नाही. दुपारी एखाद्या ताई पुस्तक घेऊन बसल्या की घरातल्या प्रत्येकाला नेमकं तेव्हाच पाणी, टॉवेल नाहीतर चहा लागतो. घरातला पुरुष पेपर वाचत असला की मुलांना "बाबा वाचतायत, गडबड करू नका" असं सांगितलं जातं. आई वाचत असली की तिला रिकामी समजून हाक मारली जाते. अंगदुखी, डोकेदुखी, झोप नाही, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या कितीतरी मावश्यांना दिवसभरात स्वतःची म्हणावी अशी पंधरा मिनिटंही नसतात. त्यांना "वाचा" असं सांगून उपयोग नाही, घरच्यांना सांगावं लागतं. म्हणून सोबत आलेल्या मालकांना मी स्पष्ट सांगतो, रोज रात्री वीस मिनिटं आईला कुणीही हाक मारायची नाही, हा घराचा नेम करा. मुलांनीही तेव्हा काहीतरी वाचावं. पोथीला सगळं घर बसायचं, तसंच.

फायदा खरंच होतो का?

जेवढा पुरावा आहे तेवढंच सांगतो. आयर्लंडमध्ये डिसेंबर २०१९ मध्ये ९९१ लोकांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांनी सात दिवस अंथरुणात पडल्यावर झोपेआधी पुस्तक वाचलं, निम्म्यांनी वाचलं नाही. वाचणाऱ्यांपैकी ४२ टक्के लोकांना आपली झोप सुधारली असं वाटलं, न वाचणाऱ्यांपैकी २८ टक्क्यांना. फरक फार मोठा नाही, पण औषधाशिवाय मिळालेला आहे. अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात १२ जणांना काही रात्री प्रकाशमान टॅबलेटवर आणि काही रात्री छापील पुस्तक वाचायला दिलं. टॅबलेटच्या रात्री त्यांना झोप लागायला साधारण दहा मिनिटं जास्त लागली आणि झोप आणणारं मेलाटोनिन हे हार्मोनही कमी आढळलं. म्हणून झोपताना शक्यतो कागदावरचंच वाचा.

स्मरणशक्तीबद्दल शिकागोचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. २९४ वृद्धांची वर्षानुवर्षं तपासणी केली आणि मृत्यूनंतर त्यांचा मेंदूही तपासला. उतारवयात वाचन, लेखन अशी डोक्याला चालना देणारी कामं नेहमी करणाऱ्यांची स्मरणशक्ती इतरांपेक्षा सावकाश घटलेली दिसली. येल विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात पन्नाशीपुढच्या ३,६३५ लोकांकडे बारा वर्षं लक्ष ठेवलं. पुस्तकं वाचणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे २० टक्के कमी होता. पण पुस्तक वाचल्यानंच आयुष्य वाढतं असं यातून सिद्ध होत नाही. वाचणारे लोक इतर बाबतींतही स्वतःची काळजी घेत असतील. तेव्हा पुस्तक हाती आलं म्हणून बीपीची गोळी बंद करू नका.

मला रोजच्या कामात दिसणारा फायदा साधा आहे. वाचायची सवय असलेला पेशंट आपली फाईल वाचतो, गोळीच्या पाकिटावरची तारीख बघतो, "ही गोळी आणि ती गोळी एकच आहे का?" असं विचारतो. एकच औषध दोन नावांनी घेण्याचा घोटाळा त्याच्याकडून सहसा होत नाही.

चिठ्ठी

औषध: तुम्हाला आवडेल ते पुस्तक. कठीण वाटलं तर पन्नास पानांनंतर खुशाल बदला.

मात्रा: रोज पंधरा ते वीस मिनिटं, सलग.

वेळ: रात्री जेवणानंतर, किंवा रोजच्या ज्या कामाला बांधता येईल त्या कामानंतर.

पथ्य: तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत.

सोबत: चांगला उजेड, बरोबर नंबरचा चष्मा आणि जमल्यास घरातलं आणखी एक माणूस.

मिळण्याचं ठिकाण: महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. गावातल्या किंवा तालुक्याच्या अनुदानित ग्रंथालयाची वर्गणी अगदी थोडी असते. सभासद व्हा. परत करायची तारीख ठरलेली असली की पुस्तक संपतंही लवकर.

मुदत: आधी एक महिना. महिन्यानंतरही जमलं नाही तर वरची डोळ्यांची आणि मनाची कारणं पुन्हा वाचा आणि तपासणीला या.

हा लेख वाचायला तुम्हाला दहा-बारा मिनिटं लागली असतील, म्हणजे तेवढा वेळ तुमच्याकडे निघतो. उद्या याच वेळेला एखादं पुस्तक हातात घ्या आणि परवाही याच वेळेला घ्या.